दुसऱ्याच्या बिळात

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं मागचं कपाट उघडावं लागतं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम. कपाट उघडलं की फॉर्मॅलिनचा वास आधी डोळ्यांत शिरतो आणि मग नाकात. बरण्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, सुटलेली लेबलं चिकटवायची आणि त्यांतल्या दहा निवडून टेबलावर ओळीनं मांडायच्या. मुलांनी एकेका बरणीपुढं मिनिटभर उभं राहायचं आणि आत काय आहे ते ओळखून लिहायचं. बाहेर आकुर्डीच्या रस्त्यावर शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळत असतात, रसवंतीचे घुंगरू वाजत असतात, आणि मी दरवर्षी त्याच एका बरणीपाशी अडकते.

बरणी सगळ्यांत लहान आहे. आत नखाएवढी एक कोळंबी, इतक्या वर्षांत पांढरीफटक पडलेली. लेबलावरचं अक्षर माझं, वीसेक वर्षांपूर्वीचं, आतापेक्षा बरंच सुबक. ही कोळंबी खाडीकाठच्या चिखलात राहते, पण स्वतः बीळ खणत नाही. दुसऱ्या प्राण्यानं खणलेल्या बिळात जाऊन राहते. घरमालक तिला हाकलत नाही. का हाकलत नाही, हे मला एम.एस्सी.ला शोधून काढायचं होतं. ते तेव्हा कळलं नाही, आणि आता शिकवून शिकवून केस पिकले तरी कळलेलं नाही.

यंदा बरणी पुसताना हात थांबला तो मात्र मामीमुळे. मामी गेलं वर्षभर आमच्याकडे चिंचवडला राहते आहे. मामा वारले. आकुर्डीतल्या कामगार वसाहतीतली त्यांची दोन खोल्यांची जागा पाडून तिथं उभी राहणारी नवी इमारत अजून अर्धीच होती. त्यांना मूलबाळ नाही. तेव्हा ‘घर होईतोवर’ म्हणून मी तिला घेऊन आले. आता घर झालं. सातव्या मजल्यावर, लिफ्टवालं. गेल्या सोमवारी किल्ली हातात आली आणि मामी म्हणाली, “रविवारी जाते मी. तुला सुट्टी हाय, सोडशील.” मी “बरं” म्हणाले, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सत्तरी ओलांडलेली बाई सातव्या मजल्यावर एकटी राहणार. थांब म्हणावं, तर ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे ठरत नाही. जा म्हणावं, तर जीभ रेटत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मी जुन्नरकडची. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी मामाकडे राहून काढली. मामा एका कंपनीत फिटर होते. मामी चाकणजवळच्या खेड्यातली, चाकणला कंपन्या कमी आणि कांदा जास्त होता तेव्हाची. मी गेले त्या दिवशी मामीनं लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून, त्यात नवा कागद अंथरून ठेवला होता. “ह्यो तुझा,” म्हणाली. मी मान हलवली आणि कपडे बॅगेतच ठेवले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज होती, की दुसऱ्याच्या घरात पसरू नये अशी आईची ताकीद होती, की वरून नम्र दिसणारा माज होता? दोन वर्षं तो कप्पा रिकामा राहिला आणि माझी बॅग दाराशेजारी उभी राहिली. मामी दर दिवाळीला त्यातला कागद बदलायची.

सरांनी विषय दिला तो हा, दुसऱ्याच्या बिळात राहणाऱ्या कोळंबीचा. जेवताना मी तो मामांना समजावून सांगितला. मामा पोट धरून हसले. “म्हंजे आयत्या बिळावर नागोबाच की,” म्हणाले. मीही हसले. पण त्या दिवशी एक भाकरी कमी खाल्ली, आणि पुढं कितीतरी दिवस ते वाक्य कोळंबीबद्दलच होतं ना, हे मनात तपासून पाहत राहिले. मामांचं मन आरशासारखं साफ होतं. गाळ होता तो माझ्याच मनात.

हेच मामा पुढच्या रविवारी प्लॅस्टिकचा जाड पाइप, सळई आणि रबरी वायसर घेऊन दारात बसले. बिळातून चिखल ओढून काढायला पंप लागतो. तो विकत मिळत नव्हता, निदान मला मिळेना. मी कागदावर काढून दाखवला. मामांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. “सायकलच्या पंपाच्या उलटा. तो हवा घालतो, ह्यो वढून घेणार,” म्हणाले. दुपारपर्यंत पंप तयार झाला. मोरीतल्या बादलीवर त्याची चाचणी झाली. सगळं पाणी मामांच्या सदऱ्यावर आलं, तेव्हा मामीनं पदर तोंडाला लावून जे हसून घेतलं, तसं ती पुन्हा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

खाडीचा चिखल उघडा पडतो तो भरपूर ओहोटीला, आणि भरपूर ओहोटी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. पौर्णिमेबद्दल मामीची तक्रार नव्हती. पण अवसेला पोरीनं घराबाहेर पडायचं, तेही समुद्राकडे, हे तिला मुळीच पटेना. मी भरतीओहोटीचं कोष्टक दाखवलं. तिनं कॅलेंडर दाखवलं. दोघींचीही माहिती बरोबर होती. शेवटी तोड तिनंच काढली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस त्याच दिवशी निघालं असं धरायचं. मग प्रत्येक अवसेच्या आधी माझी बॅग शेजारच्या काकूंकडे जायची, वर सुपारी आणि चार तांदूळ. आणि मी स्वतः मामीच्या घरी जेवत-झोपत असायचे, हिशेबानं मात्र प्रवासाला निघालेली. कधी कधी वाटायचं, त्या दोन वर्षांतलं माझं राहणंच असं होतं. अंग आत आणि बॅग बाहेर.

मुरूडच्या अलीकडच्या त्या खाडीचा वास मला आजही हवा तेव्हा येतो. कुजका, उग्र, तरी नकोसा न वाटणारा. ओहोटीला पाणी लांब जायचं आणि चिखल उन्हात चकचकायला लागायचा. चिखलभर पैशाएवढी भोकं. भोकावर पंप रोवायचा, दांडा ओढायचा आणि आलेला चिखल चाळणीत धुवायचा. घरमालक म्हणजे कोळंबीचाच लांबचा भाऊबंद, बोटभर लांब, मऊ, फिकट, उजेडात आल्यावर कावराबावरा होणारा. त्याच्याबरोबर चाळणीत कधी कधी ती असायची. काचेसारखी आरपार, एक नांगी मोठी आणि एक लहान. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक कोळीण माझ्यामागं येऊन उभी राहायची. “एवडीशी कोलबी. तिचा काय कालवण करशील गो?” असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, अभ्यास करणार. तिनं माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं की मला तिचंच बरोबर वाटायला लागलं.

जिवंत कोळंबी आणि तिचा घरमालक मी खाडीच्याच पाण्यात घालून एसटीनं आकुर्डीला आणले. मामांनी खिडकीच्या दोन काचा दोन बोटांच्या अंतरानं बसवून उभी, अरुंद टाकी केली. तिच्यात चिखल भरला की प्राणी काचेलगत बीळ खणतो आणि आतलं सगळं दिसतं. टाकी ठेवायला जागा एकच होती, मामीच्या ओट्याखाली. तिथं मी पाट घेऊन बसायची, वही मांडीवर. तांदूळ निवडता निवडता मामीही बघायची. घरमालक दिवसभर खणायचा, माती वर आणून टाकायचा, परत खाली जायचा. ही बया नुसती इकडून तिकडे. तो वळायला लागला की भिंतीला चिकटून त्याला वाट द्यायची, एवढंच काय ते तिचं काम.

“काय कामधाम करती का त्याचं?” मामीनं विचारलं.

“दिसत तरी नाही.”

“त्याचं खाती?”

“तेही दिसत नाही.”

मामीनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “मंग बोलत आसंल. घरात कुनीतरी बोलाया लागतंच की, बाय.”

मला हसू आलं. माझ्या वहीत अन्नाचा रकाना होता, सफाईचा होता, शत्रूपासून संरक्षणाचा होता. बोलण्याचा नव्हता. ज्या घरात मूल नव्हतं, त्या घरातली बाई हे बोलली होती. मी बाविसाव्या वर्षी इतकी हुशार होते की ते मला ऐकूच आलं नाही.

मग मार्च आला. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. गावी चुलतबहिणीचं लग्न निघालं म्हणून मी चार दिवसांसाठी गेले. जाताना मामीला सांगितलं, “टाकीतलं पाणी कमी झालं तर तेवढी भर घाला.” आता, यात एक मेख आहे. हवेत उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. मी रोज माठातलं साधं पाणी घालत होते, पण ते मामीला सांगायचं राहिलं. मामीनं आपल्या अकलेनं विचार केला. समुद्राचं पाणी खारट, तर भरही खारटच हवी. ती वाण्याकडे गेली आणि मुद्दाम जाडं मीठ घेऊन आली. बारीक नको, जाडंच, कारण ते समुद्रावरून येतं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं मापानं मीठ विरघळवून टाकीत घातलं. उन्हाळा लागला होता. पाणी भराभर उडत होतं आणि मीठ साठत होतं.

मी आले तेव्हा घरमालक बिळात उलटा पडला होता. मी बोट बुडवून पाणी चाखलं आणि थुंकले. कोळंबी वर, उघड्या चिखलावर फिरत होती. कडेपर्यंत जायची, थांबायची आणि परत त्याच बिळात शिरायची, त्या मेलेल्याशेजारी. दुसऱ्या दिवशी तीही गेली. तीच ही, बरणीतली.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं असतं. मी अगदी शांतपणे, शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “मामी, माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नका.” घर तिचं, ओटा तिचा, काचा मामांनी आणलेल्या. माझा होता तो चिखल. तोही खाडीचा. मिठाचा उरलेला पुडा मामीनं फडताळात मागं सरकवून ठेवला आणि भाकरी थापायला बसली.

त्या रविवारी मामा दारात बसून काहीतरी कानशीनं घासत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरी, दोन पार्ट येकमेकांत बसवायचे तर मदी बारीक फट ठिवावी लागती. न्हाई ठिवली तर जाम व्हतंय. लई ठिवली तर खडाखडा वाजतंय.” मी विचारलं, किती ठेवायची? “ते हाताला कळतं,” म्हणाले. माझ्या हाताला ते कळलं नाही. मी माफी मागितली नाही. आधी प्रबंधाची घाई होती, मग परीक्षेची, मग नोकरी, लग्न. आणि पुढं इतका काळ लोटला की माफी मागायची तर आधी सगळ्या गोष्टीची आठवण करून द्यावी लागली असती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “थोडक्यात सांगा. या कोळंबीमुळे घरमालकाचा फायदा होतो की तोटा?” मी म्हणाले, “सांगता येत नाही, सर.” ते म्हणाले, “दोन वर्षं काय केलंत मग?” मी पास झाले, पण तो प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

आमच्या पुस्तकात अशा राहण्याला सहभोजिता म्हणतात. एकाचा फायदा आणि दुसऱ्याला ना नफा ना तोटा. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी लिहिताना वाटतं, हे कुणी ठरवलं? दुसऱ्याला काहीच होत नाही, हे त्या दुसऱ्याला विचारलं होतं का?

आता मामी माझ्या घरात आहे आणि मला प्रश्न उलट्या बाजूनं सोडवायचा आहे. तोही सुटत नाही. ती आली त्या दिवशी मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. तिनं मान हलवली आणि लुगडी पिशवीतच ठेवली. वर्ष झालं, पिशवी दाराशेजारी आहे. पंखा लावू का, विचारते. कपभर चहा करायचा तर, गॅस पेटवू का, विचारते. संजय, माझा नवरा, चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे. शिफ्टवरून आला की तिच्याशी चार शब्द बोलतो, तिची गोळी चुकली तर आठवण करून देतो. पण एकदा त्यानं विचारलं, “मामी किती दिवस आहेत?” ती तक्रार होती की चौकशी, की ती लवकर जाईल ही काळजी? मी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला काहीही कळलं नाही. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. इथं मात्र अक्कल गेली आहे ती माझी.

आणि मीठ. संजयला ब्लडप्रेशर आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळं बेताच्या मिठाचं. खरं म्हणजे अळणीच. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाऊन वाढलेली ही बाई माझी अळणी आमटी वर्षभर मुकाट्यानं जेवते आहे. बरणी तिच्या हाताशी असते. ती उघडत नाही. मागतही नाही. मी एकदा म्हणाले, “मामी, मीठ घ्या की वरून.” तर म्हणाली, “न्हाई बाय, बरी हाय.” तिला तो पुडा आठवत होता की नव्हता? आठवत असेल तर वाईट, आणि नसेल तर वीस वर्षं मीच एकटी तो उराशी धरून बसले आहे.

तर सोमवारी किल्ली आली. रविवारी अमावस्या आहे, हे मी मामीला सांगितलं. थोडी आशाही होती, नाकारत नाही. ती म्हणाली, “ठाव हाय. तुला दुसरी सुट्टी कुटं हाय? मी सुक्करवारी प्रस्थान ठिवते.” आणि काल शुक्रवारी मी प्रात्यक्षिकं आटपून, बहुतेकांनी ‘कोळंबी’ एवढंच लिहिलेले पन्नास मुलांचे पेपर घेऊन घरी आले, तर दाराशेजारची जागा रिकामी. पिशवी समोरच्या कुलकर्णी काकूंकडे गेली होती. मामी माझ्या सोफ्यावर कडेला बसून टीव्ही बघत होती. हिशेबानं ती घर सोडून गेली होती.

आज दुपारी मी पेपर तपासायला घेतले. एका मुलीनं बरणीपुढं लिहिलं होतं, ‘कोळंबी. दुसऱ्याच्या बिळात राहते. कारण माहीत नाही.’ मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले, पेन ठेवलं आणि समोरची बेल वाजवली.

काकूंनी पिशवी दिली, पण देताना चाचरल्या. “अगं, ठेवलेलं प्रस्थान माघारी नेत नाहीत. मामींनीच सांगितलंय मला.” मी म्हणाले, “माहीत आहे.” पिशवी हलकी होती. एका माणसाचं वर्षभराचं राहणं इतकं हलकं असतं, याचाच मला राग आला. सुपारी आणि तांदूळ मी खिशात टाकले. घरात येऊन सरळ कपाटापाशी गेले आणि एकेक लुगडं त्या कप्प्यात ठेवायला लागले. चार लुगडी, दोन पोलकी, मामांचा एक फोटो, औषधाची डबी. न विचारता. मी योग्य करत होते की तिच्या मनाविरुद्ध तिला अडकवत होते, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं, आणि हे लिहितानाही माहीत नाही.

मामी दारात येऊन उभी राहिली होती.

“माझ्या वस्तूंला हात लावलास व्हय?”

मी मागं वळले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हसूही नव्हतं. तिला सगळं आठवत होतं, शब्दान् शब्द.

“लावला,” मी म्हणाले. “मामी, त्या वेळी चूक माझी होती. साधं पाणी घालायचं, हे मीच सांगितलं नव्हतं.”

ती पुढं आली, मी ठेवलेलं वरचं लुगडं तिनं बाहेर काढलं आणि झटकलं. वाटलं, आता पिशवीत भरणार. तिनं ते पुन्हा घडी केलं, काठाला काठ लावून, आणि परत कप्प्यात ठेवलं. “घडी घालाया येत न्हाई आजून,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

उद्या काय, ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही. किल्ली फ्रिजवर आहे तिथंच आहे.

संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी स्वयंपाकघरातून बरणीच्या झाकणाचा आवाज आला. मी बाहेर पानं घेत होते, तिथंच थांबले. गॅस पेटवू का, असं आज कुणी विचारलं नाही. मामीनं आमटी ढवळली, तळहातावर घेऊन चाखली आणि बरणी पुन्हा उघडली. संजयला मी वरण वेगळं वाढलं.

आमटी खारट झाली होती, चांगलीच. मी दोनदा वाढून घेतली.